खंडोबाचा घोडा आणि देवाची वांगी

काल सकाळी शाळेला निघालो, तर स्कूटीच्या डाव्या आरशावर खंडोबाचा घोडा बसलेला. हिरवागार, बोटभर लांब, पुढचे दोन पाय छातीशी दुमडून देवापुढं उभा राहिल्यासारखा. पुस्तकात याला प्रार्थनाकीटक म्हणतात. मी परभणीतल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो, त्यामुळं फळ्यावर मीही तसंच लिहितो. पण समोर येऊन बसल्यावर त्याला असल्या नावानं हाक मारायला जीभ वळत नाही. मी किल्ली लावली, तो हलला नाही. मी डावीकडं झुकलो, त्यानं मान डावीकडं वळवली. मी उजवीकडं झुकलो, तो उजवीकडं. अंग जागच्या जागी ठेवून खांद्यावरून मागं वळून बघायचं, हे किड्यांच्या जगात फार कुणाला जमत नाही. याला जमतं, आणि तो ते अशा काही नजरेनं करतो की आपल्या शर्टाचं बटण उघडं आहे की काय, असं वाटायला लागतं.

डोळ्यांतला तो काळा ठिपका मी जाईन तिकडं फिरत होता. तो ठिपका म्हणजे बुबुळ नव्हे. त्या डोळ्यातल्या हजारो बारीक भिंगांपैकी जी नेमकी आपल्याकडं रोखलेली असतात, तेवढीच काळी दिसतात. म्हणजे तो बघत असतोच, पण बघतोय असं दिसतं ते निराळ्याच कारणानं. हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी त्याला म्हणालो, "बघ बाबा, बघ. तुला सगळंच ठाऊक हाय."

पहिला तास बुडाला हे सांगायला नको.

कार्तिक सरत आला की माझं असं होतं. सोयाबीन कधीच निघून गेलेलं असतं, तुरीला पिवळा फुलोरा असतो, कापसाच्या शेतात दुपारी बोंडं उकलताना कान दिला तर बारीक तडतड ऐकू येते. सकाळी गवतावर दव असतं आणि दवात सगळीकडं कोळ्यांची जाळी उघडी पडलेली असतात. बाजारात वांग्यांचे ढीग लागतात. काटेरी देठाची, जांभळी, चकचकीत. आणि आम्ही त्यांच्याकडं न बघितल्यासारखं करून पुढं जातो. आमच्या घरात खंडोबा. आषाढी एकादशीला सोडलेलं वांगं थेट चंपाषष्ठीला धरायचं, तेही देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. शेजारच्या घरात वांगं भाजल्याचा वास आला की मी दार लावून घेतो. बायको म्हणते, दार लावून वास थांबत नसतो. मी म्हणतो, दार मला तरी थांबवतं.

घरातला हा नेम कडक चालवते ती मोठीमाय, माझी थोरली चुलती. राहते पेडगावला, गुडघे गेलेत, पण जिभेला अजून काही झालेलं नाही. तिच्या लेखी जगात दोनच भाज्या: वांगं, आणि वांगं नसताना खायच्या. अशा बाईनं साडेचार-पाच महिने वांग्याला शिवायचं नाही, म्हणजे देवानं नेमकी जागा हेरली म्हणायची. विहिरीजवळच्या दीड गुंठ्यात ती भादव्यात रोपं लावून घेते. पहिली तोड चंपाषष्ठीला येईल, असा हिशेब. त्याला नाव 'देवाची वांगी'. आणि या वांग्यांना एक नियम: देवाच्या दिवसाआधी सुरी लावायची नाही. एकसुद्धा चिरायचं नाही, चाखायचं तर सोडाच.

तीन वर्षांपूर्वी रोपं लावताना ती म्हणाली, "सुध्या, देवाच्या वांग्याला दरसाल औषध मारतेत. विष ते विष. देवाला काय निवद दाखवावा, मग? तू एवढा शिकल्यालास, दुसऱ्याच्या लेकरांला शिकवायलास. यंदा औषधाबिगर वांगं आणून दाखव मला."

मोठीमायनं मला आयुष्यात प्रथमच कशाच्या तरी लायक समजलं होतं. माझ्या अंगात वीज शिरली. आणि तेवढ्यात बांधावरच्या बोरीवर, खरं सांगतो, एक घोडा बसलेला दिसला. त्यानं माझ्यादेखत एक नाकतोडा धरला. धरला म्हणजे काय झालं हे दिसलंच नाही. नाकतोडा फांदीवर होता, आणि मग घोड्याच्या हातात होता. मधलं काही नाहीच. दुमडलेल्या पायांना आतून करवतीसारखे काटे असतात. पाय पुढं जातात, मिटतात, संपलं. प्रार्थना वगैरे काही नाही, तो दबा धरून बसलेला असतो. नाकतोड्याचं डोकं कणसासारखं धरून तो शांतपणे खात होता आणि मी उभ्या उभ्या नाचत होतो.

"मोठीमाय, मिळालं. खंडोबाचं वांगं खंडोबाचा घोडाच राखणार."

तिनं माझ्याकडं आणि घोड्याकडं आळीपाळीनं बघितलं. म्हणाली, "त्यो शहाणा दिसायलाय."

त्याच दिवशी मी भावकीच्या मोबाईल-ग्रुपवर जाहीर करून टाकलं की यंदा देवाची वांगी औषधाविना, सगळ्यांनी भरिताला यावं. खाली अंगठे आले, हात जोडलेले आले. जिंतूरच्या चुलतभावानं तर 'चाळीस जण धरा' असं लिहिलं. तेव्हा मला त्यात फार आनंद वाटला.

मग घोडे धरायचा मोसम सुरू झाला. त्या महिन्याची आठवण आली की अजून हातापायांना खाज सुटते. दर रविवारी मी पहाटेच पेडगावात. दवानं पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, बुटात चिखल, हातात बिस्किटांची मोठी प्लास्टिकची बरणी. घोडा दिसत नाही, दिसायला लागतो. तुम्ही पानाकडं बघत असता आणि त्यातलं एक पान तुमच्याकडं बघायला लागतं. वारा आला की तो वाऱ्यावर पान हलावं तसा डुलतो, वारा थांबला तरी दोन क्षण जास्त डुलतो, तिथं सापडतो. गवतातला वाळक्या रंगाचा, तुरीवरचा हिरवा. बारीक अंगाचे उडून जातात, ते नर. पोट सुटलेल्या घोड्या उडत नाहीत, त्या मागच्या पायांवर उभ्या राहून पंख फाकवतात आणि आपल्यालाच दम देतात. चावून विष चढेल असं काही त्यांच्यात नसतं; काटे तेवढे टोचतात. मला टोचले. मी ओरडलो, बरणी सोडली, उसाच्या पाटात बसलो. बांधाशेजारचे किसनतात्या पलीकडं फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, किडा लहान हाय. तुमी मोठे हाव. ध्यानात ठिवा."

पहिल्या रविवारी अकरा मिळाले. अकरा. मी बरणीच्या झाकणाला भोकं पाडली, आत ओला बोळा ठेवला, आणि बरणी मोठीमायच्या ओसरीवर ठेवून जेवायला बसलो. संध्याकाळी उशीर झाला म्हणून म्हटलं, उद्याही सुट्टीच आहे, सकाळी सोडू.

सकाळी बरणीत एक घोडी होती. आणि पाय. बरेच पाय, थोडे पंख.

मी नववीला दरवर्षी शिकवतो की हे कीटक आपल्याच जातीच्या कीटकाला खातात, मादी कधी कधी नरालाही सोडत नाही. परीक्षेत दोन गुणांना विचारतो. आणि मीच अकरा जणांना एका बरणीत घातलं. मोठीमायनं बरणी उन्हाकडं धरून बघितली. घोडी आत बसून पुढचा पाय चाटून साफ करत होती, मांजरासारखा.

"हिचं पोट तर भरलंय," मोठीमाय म्हणाली. "आता ही अळ्या कशाला खाईल? हिला झोपायला गादी टाक."

पुढच्या रविवारपासून मी शहाणा झालो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या आणि एकेकाला एकेक बाटली दिली. जिंतूरहून पुतण्याच्या बारशाला जाऊन येताना तिथले दोन घेऊन एसटीत बसलो, तर कंडक्टर म्हणाला, "मास्तर, ह्यांचं अर्धं तिकीट का पूर्ण?" मी म्हणालो, हे ज्येष्ठ नागरिक आहेत. खोटं नव्हतं. या जिवाचं सगळं आयुष्य एका मोसमाचं. अंड्यातून निघतो, सात-आठ वेळा कात टाकतो, शेवटच्या कातीला पंख येतात, आणि थंडी पडेपर्यंत खेळ आटोपतो. कार्तिकातला प्रत्येक घोडा म्हातारा.

वांग्यात मी असे नऊ सोडले. दर रविवारी हजेरी घ्यायचो. पाठ मोडेस्तोवर वाकून, एकेक झाड. कधी पाच हजर, कधी चार. बरणीतून एकटी उरलेली ती पोट सुटलेली पहिली घोडी मात्र विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या झाडावरून कधी हललीच नाही. मी तिच्यासमोर उकिडवा बसून तास घालवायचो. दोन मोठे डोळे आणि कपाळावर तीन बारीक, असे पाच. कान एकच, तोही छातीखाली. वटवाघळाची आपल्याला ऐकू न येणारी शीळ तेवढी ऐकण्यासाठी. म्हणजे माझं व्याख्यान तिला अजिबात ऐकू जात नव्हतं. हे एक बरं होतं. तिनं माशी खाल्ली, मी टाळी वाजवली. फुलपाखरू खाल्लं, वाजवली. मधमाशी खाल्ली तेव्हा टाळी अर्ध्यात थांबली. ढालकिडा खाल्ला, तेव्हा जरा वाईट वाटलं, कारण तो बिचारा मावा खायला आलेला, आपल्याच बाजूचा. तिला बाजू नव्हतीच. हलेल ते आणि हातात मावेल ते. अळी खाताना ती मला एकदाही दिसली नाही. मी समजलो, माझ्या माघारी खात असेल.

वांगी धरली. काय धरली. देठाखाली जांभळी गोळी, मग लिंबाएवढी, मग मुठीएवढी. वरून अशी चकाकणारी की त्यात आपलं तोंड दिसावं. मी फोटो काढून ग्रुपवर टाकत होतो. किसनतात्या एकदा बांध ओलांडून आले, झाडांकडं बघत उभे राहिले.

"मास्तर, शेंडे माना टाकायलेत."

"पाणी कमी पडलं तात्या. आज देतो."

"पाण्याचं न्हाई ते. शेंड्यात अळी हाय. मोडून बघा एक."

"देवाच्या वांग्याला सुरी लावायची नसते."

"सुरी कोण लावा म्हणायलंय? हातानं मोडा की."

"तात्या, वर घोडे बसलेत. ते बघतेत सगळं."

तात्यांनी घोडीकडं बघितलं, घोडीनं तात्यांकडं. तात्या म्हणाले, "बघतेत, हे खरंय," आणि गेले.

नियम सुरीचा होता. मी तो माझ्या आळसाला लावला, आणि वर देवाचं नाव घातलं. पाणी मात्र दिलं. भरपूर दिलं.

चंपाषष्ठीला पेडगावच्या घरी सकाळपासून रोडग्यांचा वास. अंगण सारवलेलं, देवघरापुढं भंडाऱ्याचा पिवळा सडा, तळी उचलायला पाच जण टोप्या घालून तयार. जिंतूरवाले खरंच आले, पालमहून मावसभाऊ आले. चाळीस झाले असतील. मी वांगी तोडून आणली, दोन टोपल्या. टोपल्या डोक्यावरून उतरवताना मी इकडं-तिकडं बघून घेतलं, सगळे बघतायत ना म्हणून. सगळे बघत होते.

मोठीमाय चुलीपुढं पाटावर बसली. निखारे लालभडक. भाजायच्या आधी वांग्याला एक उभी चीर देऊन आत बघायचं असतं. तिनं पहिलं वांगं उचललं, कपाळाला लावलं, सुरी घातली, आणि थांबली.

आत काळा भुगा होता. भुग्यात एक गुलाबी अळी, अंग आखडून, उजेडाचा त्रास झाल्यासारखी.

दुसरं. तिसरं. मी शेजारी बसून चौथं चिरलं, पाचवं चिरलं. वरून आरशासारखं, आतून पोखरलेलं. अळी लहान असतानाच देठाजवळून शिरते, भोक बुजून जातं, आणि मग ती आतच खाते, आतच राहते. घोडा बसतो बाहेर. जे हलताना दिसत नाही, ते त्याच्यासाठी नसतंच. पाच डोळे घेऊन तो पानावर बसला होता, पदवी घेऊन मी बांधावर. वांग्याच्या आत दोघांनीही बघितलं नव्हतं.

अंगणात कुणीतरी खोकलं. जिंतूरचा चुलतभाऊ म्हणाला, "घोडे सुट्टीवर होते काय?" कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. किसनतात्याही जेवायला बोलावलेले, ते हळूच म्हणाले, "वहिनी, मपल्या रानातली आणू का टोपलंभर? चांगली हायत." मोठीमायनं विचारलं, "औषधाची?" तात्या डोक्यावरची टोपी सारखी करायला लागले.

पाच महिने या बाईनं वाट बघितली होती. मी मान खाली घालून बसलो. मला एकाएकी आठवलं, की तिनं मला वांगी मागितली होती, घोडे नव्हे.

मोठीमायनं ती गुलाबी अळी सुरीच्या टोकावर घेतली. डोळ्याजवळ नेली. अळी वळवळली.

"जिवंत हाय," ती म्हणाली.

"हां," मी म्हणालो.

"औषध असतं तर जगली असती का ही?"

तिनं अळी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"मंग? मागितलं त्ये आणलंय ह्यानं. विष न्हाई ह्याच्यात, ही साक्ष हाय." तिनं अळी बाजूला ठेवली आणि वांग्याचा पोखरलेला भाग कापून टाकला. उरला पाव तुकडा, पांढरा स्वच्छ. तो तव्यावर टाकला. "बसा समदे इथं. सुऱ्या, इळ्या, काय असंल त्ये घ्या. चांगलं त्येवढं काढा. किसनभावजी, तुमी पण. नुस्तं बघू नगा."

आणि मग चाळीस माणसं अंगणात गोल बसून वांगी चिरायला लागली. कुणाच्या वांग्यात अर्धं निघालं, कुणाच्या बोटभर. पालमच्या मावसभावाला एक अख्खं चांगलं निघालं, तर त्यानं ते मिरवणूक काढल्यासारखं आणून दिलं. दोन टोपल्यांचं एका पातेल्याच्या तळाला बसेल एवढं भरीत झालं. कांद्याची पात घालून घालून मोठीमायनं ते वाढवलं. तळी उचलली, येळकोट झाला, भंडारा उधळला. मग प्रत्येकाच्या रोडग्यावर तिनं अंगठ्यानं भरीत लावलं, टिळा लावावा एवढं. चाळीस जणांनी तो टिळा चाटून खाल्ला. पाच महिन्यांनंतरचं ते एवढंसं, जळक्या सालीच्या वासाचं, मिरचीनं झणझणीत. अजून जिभेवर आहे. टोपलंभर खाल्लं असतं तर राहिलं नसतं.

जेवणं झाल्यावर मी अळ्यांनी भरलेलं ताट घेऊन विहिरीकडं गेलो. घोडी कोपऱ्यातल्या झाडावर होती. मी काडीच्या टोकावर एक अळी धरून तिच्यासमोर हलवली. काहीच झालं नाही. आणि मग, मधलं काही न दिसता, अळी तिच्या हातात होती. मी ओरडलोच. मोठीमाय काठी टेकत मागून आलेली, तिला मी हात धरून जवळ आणलं. "खाल्ली, बघ, खाल्ली."

तिनं नीट बघितलं. "खाल्ली खरं," ती म्हणाली. "आता पुढच्या साली एकेक वांगं चीर, अळी काढ, आन हिला वाढत जा. घास करून घाल."

चार-सहा दिवसांनी त्याच झाडाच्या फांदीवर घोडीनं अंडी घातली. आधी पांढरा फेस, साबणासारखा. तासाभरात वाळून बदामी, खडबडीत, बोटाच्या पेराएवढी गाठ. मग घोडी नाहीशी झाली. ती फांदी मोठीमायनं मोडू दिली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या गाठीतून शेकडो पिल्लं धाग्यांवर लोंबकळत बाहेर आली, मुंगीएवढी, बिनपंखी, पण हात जन्मतःच दुमडलेले. मी पहिल्यांदाच ते बघत होतो. मला वाटलं, भावकीच चालली आहे जेवायला. तेवढ्यात एकानं शेजारच्या भावाला धरलं.

आता मी शेंडे मोडतो. मान टाकलेला प्रत्येक शेंडा, आतल्या अळीसकट, दर रविवारी. कामगंध सापळे लावलेत, मादीच्या वासाला भुलून त्यात अळीचे बाप येऊन अडकतात. किसनतात्यांनीही यंदा दोन नेलेत, कुणाला सांगू नका म्हणाले. घोडे आहेत, आपापले येतात, आपापले जातात. मी हजेरी घेत नाही. टाळी मात्र वाजते अजून, हाताला सवय लागलीय.

तर काल पहिला तास बुडालाच होता, म्हणून दुसराही बुडवला. आरशावरच्या त्या घोड्याला बाटलीत घालून पेडगावला गेलो. चंपाषष्ठीला आठ दिवस राहिलेत. वांगी मुठीएवढी, चकचकीत, अगदी तीन वर्षांपूर्वीसारखी. घोड्याला झाडावर सोडलं. मोठीमाय काठी टेकत आली. शेंड्यांवरून हात फिरवला. मग कनवटीतून छोटी सुरी काढून माझ्यापुढं धरली.

"चीर एक."

"मोठीमाय, देवाच्या आधी?"

"चीर म्हणायले ना."

मी चिरलं. आत पांढरं. देठापासून टोकापर्यंत, बियांसकट, पांढरंस्वच्छ. मी दुसरं चिरायला निघालो, तिनं हात धरला. तिला पुरलं होतं. तिनं त्या दोन्ही फोडी एकमेकींवर पुन्हा बसवल्या, होत्या तशा, दाबून दाबून, चीर दिसेनाशी होईपर्यंत. आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "देवाला सांगू नगं."

मी कशाला सांगेन. पण शेजारच्या झाडावरून त्याचा घोडा खांद्यावरून मान वळवून आमच्याकडंच बघत होता.